दोन इमारतींमधील ऑफिसचे फोन एकमेकांना जोडताना

संस्था वाढते, जुनी इमारत अपुरी पडते आणि आवारातच दुसरी इमारत उभी राहते किंवा समोरचा गाळा घेतला जातो. हिशेब विभाग, भांडार किंवा बाह्यरुग्ण विभाग तिकडे हलतो आणि लगेच मागणी येते की जुन्या इपीएबीएक्सवरची (ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजवरची) एक्स्टेन्शन्स, म्हणजे अंतर्गत फोन, नव्या इमारतीतही चालली पाहिजेत. बहुतेक ठिकाणी हे काम विजेच्या वायरमनकडे सोपवले जाते. तो गच्चीवरून गच्चीवर दहा जोड्यांची वायर ओढतो, फोन वाजू लागतात आणि काम संपले असे सर्वांना वाटते. पहिल्या वळवाच्या पावसात इपीएबीएक्सचे कार्ड जळते, तेव्हा हे काम आवाजाइतकेच अर्थिंगचे आणि विजेचेही होते हे लक्षात येते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक म्हणजे ऑफिस प्रशासनातील व्यक्ती, जिला हे काम कंत्राटदाराकडून करून घ्यायचे आहे, आणि दुसरा या क्षेत्रात नुकताच आलेला तंत्रज्ञ. इमारती एकाच आवारात किंवा एकमेकींपासून काही शे मीटर अंतरावर आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. दोन शहरांतील कार्यालये जोडण्याचा विषय वेगळा आहे आणि त्याचा उल्लेख ओघात येईल तेवढाच केला आहे.

पहिली पायरी: मोजणी

कोणतेही साहित्य मागवण्यापूर्वी कागद-पेन घेऊन दोन्ही इमारतींतून फिरावे. नव्या इमारतीत कोणत्या टेबलावर फोन हवा आहे ते लिहावे आणि प्रत्येकासमोर त्याचा प्रकार नोंदवावा: दोन तारांचा साधा फोन, इपीएबीएक्स बनवणाऱ्या कंपनीचा खास डिजिटल की-फोन, आयपी फोन (संगणकाच्या जाळ्यावरून चालणारा), फॅक्स, दारावरचा फोन, लिफ्टमधला इंटरकॉम, गेटवरच्या सुरक्षारक्षकाचा फोन. ही यादी करताना लिफ्ट आणि गेट हमखास विसरले जातात आणि नंतर त्यांच्यासाठीच भिंती फोडाव्या लागतात.

त्यानंतर इपीएबीएक्स उघडून पाहावा. त्याचे मॉडेल कोणते, किती स्लॉट रिकामे आहेत, त्याला आयपी कार्ड बसते का, आणि बसत असेल तर आयपी एक्स्टेन्शनसाठी वेगळे लायसन्स विकत घ्यावे लागते का, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर अवलंबून असतात.

अंतर मोजताना इमारतीपासून इमारतीपर्यंतचे सरळ अंतर धरू नये. केबल ज्या वाटेने जाणार आहे त्या वाटेने टेप धरावा, इपीएबीएक्सच्या खोलीतून खाली उतरण्याची आणि दुसरीकडे वर चढण्याची उंची त्यात मिळवावी, आणि दोन्ही टोकांना किमान दहा-दहा मीटर केबल वेटोळे करून राखीव ठेवावी. नकाशावर १२० मीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात १८० मीटरची निघणे अगदी सामान्य आहे. शेवटी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मधली जमीन कोणाच्या मालकीची आहे, दोन्ही इमारतींना वीज एकाच मीटरवरून येते की वेगवेगळ्या, आणि दोन्हींची अर्थिंग एकमेकांना जोडलेली आहे की स्वतंत्र.

दुसरी पायरी: तांब्याची वायर का टाकू नये हे समजून घेणे

साध्या फोनला तांब्याच्या एका जोडीवरून सुमारे ४८ व्होल्ट डीसी मिळतात आणि घंटी वाजवण्यासाठी त्याच जोडीवर साधारण ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झचा एसी प्रवाह सोडला जातो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरमागे सुमारे १७० ओहम असतो, म्हणजे ३०० मीटरला तो जेमतेम ५० ओहम भरतो. साध्या फोनच्या दृष्टीने हे काहीच नाही. त्यामुळे ‘आवाज येईल का?’ असे विचारल्यावर वायरमन ‘नक्की येईल’ म्हणतो आणि ते बरोबरच असते. धोका आवाजाला नसून जोडीच्या दोन टोकांना असलेल्या उपकरणांना आणि ती हाताळणाऱ्या माणसांना असतो.

प्रत्येक इमारतीची स्वतःची अर्थिंग असते. समजा, एका इमारतीवर वीज पडली, तिचा प्रवाह २०,००० अँपिअर आहे आणि तिथल्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. साध्या गुणाकाराने त्या इमारतीची अर्थिंग, आणि तिच्याशी जोडलेली सगळी यंत्रे, क्षणभर दुसऱ्या इमारतीच्या तुलनेत १,००,००० व्होल्टने वर जातात. प्रत्यक्षात हा प्रवाह अनेक वाटांनी विभागला जातो, त्यामुळे आकडा बराच कमी होईल, पण त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही एक्स्टेन्शन कार्ड निकामी होऊ शकते. दोन इमारतींमध्ये तांब्याची जोडी टाकली की हा फरक भरून निघण्यासाठी आपण आपल्या हाताने वाट करून दिलेली असते, आणि ती वाट थेट इपीएबीएक्समधून जाते. महाराष्ट्रात विजांचा कडकडाट मुख्यतः मॉन्सूनच्या आधी, एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरच्या सुमारास होतो. इमारतीवर वीज पडलीच पाहिजे असेही नाही. जवळपास पडलेली वीजसुद्धा लांब वायरमध्ये मोठा दाब निर्माण करते.

नेटवर्कची कॅट-६ केबल हीसुद्धा तांब्याचीच असते, याकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. तिची मर्यादा १०० मीटर आहे आणि इमारती ८० मीटरवर असल्या की ‘मर्यादेत बसते’ म्हणून ती टाकली जाते. तिच्या पोर्टमधील लहान ट्रान्सफॉर्मर १,५०० व्होल्टपर्यंतचे विलगीकरण देतात. रोजच्या वापराला ते पुरते, विजेच्या तडाख्याला पुरत नाही. म्हणून या लेखाचा मुख्य आग्रह असा आहे की दोन इमारतींच्या मध्ये काच जावी, धातू जाऊ नये. काचेच्या तंतूची केबल, म्हणजे फायबर, वीज वाहून नेत नाही, त्यामुळे दोन अर्थिंगमधल्या फरकाचा प्रश्नच उरत नाही.

जुनी तांब्याची केबल आधीच जमिनीखाली आहे आणि ती यंदाच बदलणे शक्य नाही, अशी परिस्थिती असेल तर निदान इतके करावे. केबल जेली भरलेली, जमिनीखाली टाकण्याच्या प्रकारची आहे याची खात्री करावी. दोन्ही टोकांना ती क्रोन मॉड्यूलवर (जोड्या बसवण्याच्या पट्टीवर) उतरवून प्रत्येक जोडीला गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेला संरक्षक बसवावा. तो एकाच टोकाला बसवला तर दुसऱ्या टोकाचे उपकरण उघडे राहते. संरक्षकाची अर्थ वायर जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवून त्या इमारतीच्या मुख्य अर्थ पट्टीला जोडावी. फोनसाठी वेगळा खड्डा खणून तो मुख्य अर्थिंगपासून तुटक ठेवला तर संरक्षण वाढत नाही, उलट एकाच इमारतीत दोन अर्थिंग होऊन तोच प्रश्न घरात येतो. न वापरलेल्या जोड्याही मोकळ्या लोंबकळत ठेवू नयेत, त्याही मॉड्यूलवर उतरवाव्यात.

तिसरी पायरी: फायबर टाकणे

सिंगल मोड फायबर घ्यावी. पूर्वी कमी अंतरासाठी मल्टिमोड सुचवली जाई, कारण तिच्या टोकाची उपकरणे स्वस्त होती. आज तो फरक फारसा उरलेला नाही आणि सिंगल मोड पुढे वेग वाढवायलाही उपयोगी पडते. एका जोडणीला दोन कोअर (काचेचे तंतू) लागतात, एकाच कोअरवर दोन्ही दिशांनी चालणारे मॉड्यूलही (टोकाला प्रकाश पाठवणारा आणि घेणारा भाग) मिळतात, तरीही केबल सहा किंवा बारा कोअरची टाकावी. खर्च चर खणण्याचा, पाइपचा आणि मजुरीचा असतो, चार कोअर वाढल्याने त्यात फार फरक पडत नाही. उंदराने किंवा जेसीबीने केबल दुखावली तर राखीव कोअरवर काम चालू ठेवता येते.

केबल नुसती मातीत पुरू नये. एचडीपीई पाइप टाकून त्यातून ओढावी, आणि त्याच पाइपमध्ये नायलॉनची एक दोरी पुढच्या वेळेसाठी सोडून ठेवावी. जिथून ट्रक जातात तिथे चर किमान एक मीटर खोल असावा, बागेतून किंवा पायवाटेखालून अडीच फूट पुरते. तळाला वाळूचा थर, त्यावर पाइप, पुन्हा वाळू, आणि मातीने बुजवताना वरून सुमारे फूटभर खाली रंगीत इशारा-पट्टी अंथरावी, म्हणजे पुढे कोणी खणले तर कुदळ केबलला लागण्याआधी पट्टी दिसेल. विजेच्या केबलच्या समांतर जाताना किमान एक फूट अंतर ठेवावे. फायबरला विजेचा त्रास होत नाही, पण विजेची केबल दुरुस्त करणारा माणूस घाईने खणतो. पाइप काटकोनात वळवू नये. वळणावर चेंबर बांधावे आणि चेंबरला पाणी जिरण्याची सोय ठेवावी. केबल ओढताना वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या वीसपटीपेक्षा कमी होऊ देऊ नये, ओढून झाल्यावर दहापटीपर्यंत चालते.

एका बारकाव्याकडे विशेष लक्ष द्यावे. बाजारात सहज मिळणाऱ्या आर्मर्ड फायबरभोवती पोलादी कवच असते आणि काही केबल्समध्ये मध्यभागी पोलादी तारही असते. हा धातू दोन्ही इमारतींत नेऊन रॅकला जोडला तर फायबर टाकण्याचा मूळ हेतूच बुडतो. आवारात पाइप टाकणारच असाल तर धातूविरहित केबल मागावी. आर्मर्ड केबलच वापरावी लागली तर तिचे कवच एका टोकाला इमारतीत शिरताना मुख्य अर्थिंगला जोडावे आणि दुसऱ्या टोकाला इमारतीच्या प्रवेशापाशीच तोडून, इन्सुलेट करून ठेवावे. खरेदीच्या आदेशात हे वाक्य लिहिलेले असावे, कारण केबल येऊन पडल्यावर ती परत घ्यायला कोणी तयार नसतो.

दोन्ही टोकांना फायबर एका पेटीत, म्हणजे एलआययूमध्ये उतरवून तिथे पिगटेल (कनेक्टर लावलेला छोटा तुकडा) स्प्लाइस केली जाते, म्हणजे वितळवून जोडली जाते, आणि पुढे पॅच कॉर्डने उपकरणाला जोडली जाते. वापरायच्या दोनच कोअर नव्हे, सगळ्या कोअर स्प्लाइस करून घ्याव्यात. स्प्लाइसिंग मशीन घेऊन माणूस आलेलाच असतो, आणि राखीव कोअर उघड्या राहिल्या तर गरजेच्या दिवशी त्या निरुपयोगी ठरतात. काम झाल्यावर प्रत्येक कोअरच्या क्षतीचा, म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी होतो त्याचा, लेखी अहवाल मागावा. १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल, चांगल्या स्प्लाइसला ०.१ किंवा कमी, आणि कनेक्टरला अर्ध्या डेसिबलपर्यंत असे धरले, तर काही शे मीटरच्या जोडणीत एकूण क्षती दीड-दोन डेसिबलच्या आत यायला हवी. दहा किलोमीटरसाठीचे सामान्य गिगाबिट एलएक्स मॉड्यूल सुमारे ८ डेसिबलपर्यंतची क्षती सहन करते, म्हणून चार डेसिबल भरले तरी दिवा लागेल आणि कंत्राटदार ‘चालू आहे’ म्हणेल. तरीही ते स्वीकारू नये, कारण इतक्या कमी अंतरात चार डेसिबल म्हणजे कुठेतरी केबल दबली आहे किंवा कनेक्टर घाण आहे. ‘जास्त ताकदीचे बरे’ म्हणून ८० किलोमीटरचे मॉड्यूलही घेऊ नये, जवळच्या अंतरात त्याच्या प्रकाशाने समोरचा प्रकाश घेणारा भाग खराब होऊ शकतो. एका कोअरवर चालणारी मॉड्यूल्स मागवताना ती जोडीची असतात हे ध्यानात ठेवावे: एक १३१० वर पाठवणारे आणि दुसरे १५५० वर पाठवणारे. दोन्ही एकाच प्रकारची आली तर जोडणी कधीच होणार नाही. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नये. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याची जागा असेल तर

सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, अशी ज्याची मालकी असेल त्याची परवानगी लागते. विजेच्या किंवा दिव्याच्या खांबावरून केबल टाकून मोकळे होण्याचा मोह टाळावा. ती केबल कोणीही, कधीही, न सांगता कापू शकतो आणि तक्रार करायला जागा नसते. अशा ठिकाणी दोन पर्याय उरतात: परवानाधारक कंपनीकडून दोन इमारतींमधली जोडणी भाड्याने घेणे, किंवा गच्चीवरून गच्चीवर रेडिओ लिंक बसवणे.

भारतात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाला, त्यामुळे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत अशी लिंक बसवण्यासाठी लहरींचा वेगळा परवाना लागत नाही. उपकरणाला मात्र सरकारची ईटीए मान्यता असावी लागते, तिची प्रत विक्रेत्याकडून घ्यावी. दोन्ही अँटेनांना एकमेकांचे थेट दर्शन हवे आणि त्या रेषेभोवतीही मोकळी जागा हवी. ५०० मीटरच्या लिंकला मध्यावर सुमारे अडीच मीटर त्रिज्येचा पट्टा मोजला जातो आणि त्याचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे रेषेच्या चहूबाजूंनी दीड मीटर, मोकळा असावा लागतो. फेब्रुवारीत निष्पर्ण झाडातून आरपार दिसते म्हणून लिंक बसवली की जुलैमध्ये त्याच झाडाची ओली पालवी तिला अडवते. इतक्या अंतरात पावसाचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही, ओल्या पानांचा होतो.

रेडिओ हवेतून बोलतो, पण त्याला वीज आणि डेटा पुरवणारी केबल गच्चीवरून खाली येते आणि ती तांब्याची असते. म्हणून रेडिओ इमारतीच्या सर्वांत उंच टोकावर न बसवता वीजरोधकाच्या संरक्षणकक्षेत बसवावा, केबल बाहेरच्या वापराची आणि शील्डेड घ्यावी, आणि ती इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावून तो अर्थिंगला जोडावा.

चौथी पायरी: फोन कशावर चालवायचे ते ठरवणे

मधली जोडणी तयार झाली की तिच्यावर फोन चालवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली पद्धत म्हणजे जुना इपीएबीएक्स आयपी प्रकारचा असेल, किंवा त्यात आयपी कार्ड बसत असेल, तर नव्या इमारतीत थेट आयपी फोन ठेवणे. ते फोन नेटवर्कवरून जुन्या इमारतीतील यंत्रणेकडे नोंदणी करतात आणि शेजारच्या खोलीत असल्यासारखे वागतात. दहा-पंधरा फोनांपर्यंत माझ्या मते हीच सर्वांत स्वच्छ व्यवस्था आहे.

जुना इपीएबीएक्स आयपी जाणत नसेल तर दुसऱ्या पद्धतीत दोन्ही टोकांना गेटवे (साधी फोनची जोडी नेटवर्कला जोडणारी पेटी) बसवतात. येथे एफएक्सएस आणि एफएक्सओ या दोन पोर्टांचा घोळ होतो. एफएक्सएस पोर्ट फोनला वीज, डायल टोन आणि घंटी देतो, म्हणून त्याला फोन जोडायचा. एफएक्सओ पोर्ट स्वतः फोनसारखा वागतो, म्हणून त्याला इपीएबीएक्सच्या एक्स्टेन्शनची जोडी जोडायची. म्हणजे इपीएबीएक्सच्या बाजूला एफएक्सओ गेटवे आणि नव्या इमारतीत एफएक्सएस गेटवे, आणि पोर्टाला पोर्ट बांधलेला. उलटे जोडले तर काहीच चालणार नाही आणि दोन एफएक्सएस समोरासमोर आले तर पोर्टही जाऊ शकतो. या पद्धतीत काही अडचणी ठरलेल्या असतात. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन मोकळी होत नाही, कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नाही, फ्लॅश बटणाने कॉल वळवता येत नाही. यातल्या बहुतेक सेटिंगने सुटतात: बिझी टोनची वारंवारता व ठेका गेटवेला आपल्या इपीएबीएक्सप्रमाणे शिकवावा लागतो, फ्लॅशचा कालावधी जुळवावा लागतो. पण त्यासाठी वेळ लागतो, म्हणून कंत्राटात ‘कॉल वळवणे आणि लाइन मोकळी होणे दाखवून द्यावे’ असे स्पष्ट लिहावे. चार-सहा फोनांसाठी ही सोय ठीक आहे. वीस फोनांसाठी ती केल्यास पैसेही जातात आणि डोकेदुखीही राहते. कंपनीचे खास की-फोन असल्या गेटवेवर चालत नाहीत, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

तिसऱ्या पद्धतीत दोन्ही इमारतींत स्वतंत्र इपीएबीएक्स ठेवून ते सिप ट्रंकने (नेटवर्कवरून जाणाऱ्या जोडणीने) किंवा पीआरआयने (डिजिटल टेलिफोन लाइनने) एकमेकांना जोडतात. पीआरआयच्या एका ई-१ जोडणीवर एका वेळी ३० संभाषणे होतात आणि ती फायबरवरून नेण्यासाठी वेगळे कन्व्हर्टर लागतात, म्हणून नव्या कामात सिप ट्रंकच घ्यावा. नव्या इमारतीत पंचवीस-तीस फोन असतील, किंवा मधली जोडणी तुटली तरी तिथले आपापसांतले फोन चालू राहणे अत्यावश्यक असेल, तर हा खर्च योग्य आहे. रुग्णालयात वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह वेगळ्या इमारतीत असतील तर फोनांची संख्या कमी असली तरी हीच पद्धत निवडावी. पैसा कमी आणि माणूस जाणकार असेल तर १९९९ पासून विकसित होत असलेले ऍस्टरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकावर बसवूनही दुसरा इपीएबीएक्स उभा करता येतो. पण ते सांभाळणारी व्यक्ती संस्थेत टिकणार आहे का, याचा विचार आधी करावा.

पाचवी पायरी: जाळ्यात आवाजाला जागा करून देणे

आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या जी.७११ पद्धतीने एका संभाषणाला ६४ किलोबिट लागतात आणि हा आवाज ज्या छोट्या डेटा-पाकिटांतून जातो त्यांवरचे मथळे धरून प्रत्येक दिशेला ते सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद होतात. दहा संभाषणे एकदम चालली तरी एक मेगाबिट पूर्ण होत नाही. गिगाबिट फायबरवर ही मागणी नगण्य आहे. आवाज तुटतो तो वेग कमी पडल्याने क्वचितच. त्याच जोडणीवरून कॅमेऱ्यांचे चित्रीकरण किंवा रात्रीचा बॅकअप जात असतो आणि आवाजाची पाकिटे त्याच्या मागे रांगेत थांबतात, म्हणून तो तुटतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आवारातल्या फायबरवर तो त्याच्या जवळपासही जात नाही, पण विलंब सतत कमीजास्त होत राहिला तर शब्द गळतात. म्हणून फोनांसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच केबलवर वेगळे जाळे) करावे, आवाजाच्या पाकिटांना डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण द्यावी, आणि मधल्या प्रत्येक नेटवर्क स्विचने ती खूण मानून त्यांना पुढे सोडावे अशी सेटिंग करावी. यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो. साधा स्विच ही खूण वाचतोच असे नाही.

फायबर आणि रेडिओ असे दोन्ही मार्ग ठेवायचे असतील तर दोन्ही एकाच वेळी स्विचला नुसते खोचू नयेत. स्पॅनिंग ट्री (दुहेरी मार्ग ओळखून एक बंद ठेवणारी स्विचमधली सोय) चालू नसेल तर पाकिटे दोन मार्गांवर गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत संपूर्ण ऑफिसचे जाळे बंद पडते.

सहावी पायरी: क्रमांक

जुन्या इमारतीतील एक्स्टेन्शन २०० पासून असतील तर नव्या इमारतीला ३०० पासून द्यावेत, म्हणजे क्रमांक पाहताच इमारत कळते. तिकडे हललेल्या माणसांचे जुने क्रमांक मात्र शक्य असल्यास तसेच राहू द्यावेत. लोकांना ते पाठ असतात आणि बाहेरच्या ग्राहकांकडेही दिलेले असतात. १ ने सुरू होणारे एक्स्टेन्शन ठेवू नयेत, म्हणजे ११२ शी गोंधळ होणार नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक कोणत्याही फोनवरून, बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबून किंवा न दाबता, लागला पाहिजे. येथे एक गंभीर बाब आहे. नव्या इमारतीतून केलेला कॉल जुन्या इमारतीतल्या लाइनवरून बाहेर जातो, त्यामुळे नोंदीत जुन्या इमारतीचा पत्ता दिसतो. पत्ते वेगळे असतील तर नव्या इमारतीत बाहेरची एक स्वतंत्र लाइन ठेवावी आणि प्रत्येक फोनवर इमारतीचे नाव व पत्ता लिहिलेली चिठ्ठी लावावी. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

इमारती वेगवेगळ्या शहरांत असतील तर एक मर्यादा पाळावी. आपल्या माणसांनी आपापसांत बोलणे वेगळे, आणि एका शहरातला कॉल इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या सार्वजनिक लाइनवर सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला टोल बायपास म्हणतात आणि दूरसंचार परवान्याच्या अटींत तो गंभीर मानला जातो. अशी काही योजना असेल तर लाइन पुरवणाऱ्या कंपनीकडून परवानगीचे उत्तर लेखी घ्यावे.

सातवी पायरी: वीज

तांब्याच्या जोडीवरच्या फोनला वीज इपीएबीएक्सकडून मिळत असे, त्यामुळे नव्या इमारतीत लोडशेडिंग असले तरी फोन चालत. फायबरवर आल्यानंतर ही सोय संपते, कारण फायबर वीज नेत नाही. नव्या इमारतीतला नेटवर्क स्विच, मीडिया कन्व्हर्टर (फायबर तांब्याच्या केबलशी जोडणारे उपकरण), गेटवे आणि फोन या सगळ्यांना तिथेच यूपीएस हवा. हिशेब सोपा आहे: स्विच १५ वॉट, कन्व्हर्टर ५ वॉट, दहा आयपी फोन प्रत्येकी ५ वॉट, म्हणजे ७० वॉट. दोन तासांना १४० वॉट-तास, आणि यूपीएसमधली गळती धरून सुमारे १७५. बारा व्होल्ट, २६ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री ३१२ वॉट-तास असतात, पण ती पूर्ण रिकामी करू नये आणि वयाबरोबर तिची क्षमता घटते. म्हणून ती दोन तासांना योग्य आहे, चार तासांना नाही. कन्व्हर्टरचा छोटा अडॅप्टर हमखास भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये लावलेला आढळतो. बाकी सगळे यूपीएसवर असूनही त्या एका अडॅप्टरमुळे सगळे फोन बंद पडतात.

आठवी पायरी: चाचणी

‘हॅलो, येतोय आवाज’ एवढ्यावर बिल मंजूर करू नये. नव्या इमारतीतल्या प्रत्येक फोनवरून जुन्या इमारतीत, बाहेर, आणि बाहेरून आत कॉल करून पाहावा. बाहेरचा कॉल ऑपरेटरने नव्या इमारतीत वळवावा आणि तिथून तो परत जुन्या इमारतीत वळवावा. निदान एक कॉल दहा मिनिटे चालू ठेवावा. सुमारे अर्ध्या मिनिटाने, नेमका ३२ सेकंदांनी, कॉल तुटत असेल तर बहुधा कॉल स्वीकारल्याची पोचपावती परत पोहोचत नाही आणि दोष फायरवॉलच्या किंवा आयपी पत्त्यांच्या मांडणीत असतो. एकाच बाजूचा आवाज येत असेल तरी तिथेच पाहावे. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर साध्या तारेच्या बाजूला, म्हणजे गेटवेच्या रोधजुळणीत किंवा आवाजाच्या पातळीत, शोध घ्यावा. फॅक्स वापरात असेल तर एक पान नव्हे, पाच-सहा पाने पाठवून पाहावीत.

यानंतर मुद्दाम बिघाड करावा. नव्या इमारतीचा विजेचा मुख्य स्विच बंद करून फोन किती वेळ चालतात ते घड्याळ लावून पाहावे. जनरेटर सुरू होतानाच्या झटक्यात कन्व्हर्टर पुन्हा सुरू होतो का ते पाहावे. फायबरची पॅच कॉर्ड काढावी आणि कोणते फोन बंद पडतात, राखीव मार्ग किती वेळात काम सुरू करतो, कॉर्ड परत लावल्यावर फोन आपोआप नोंदले जातात का, हे सगळे कंत्राटदाराच्या समोर नोंदवावे.

नोंदी, कुलपे आणि देखभाल

केबल कोणत्या वाटेने गेली याचा नकाशा चर बुजवण्यापूर्वी काढावा आणि अंतरे इमारतीच्या कोपऱ्यापासून मोजावीत. झाडापासून मोजू नयेत, झाड उद्या नसेल. उघड्या चराची छायाचित्रे टेप दिसेल अशी काढून ठेवावीत. प्रत्येक पॅच कॉर्डवर दोन्ही टोकांना नाव असावे. इपीएबीएक्स, गेटवे आणि स्विच यांच्या सेटिंगची प्रत संस्थेकडे असावी, केवळ कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर नव्हे.

कारखान्यातून आलेले पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत. आयपी फोनांची यंत्रणा इंटरनेटवर उघडी ठेवू नये. ५०६० हा सिपचा पोर्ट शोधत फिरणारे लोक जगभर आहेत, आणि कमकुवत पासवर्ड सापडला की एका रात्रीत परदेशी कॉलचे मोठे बिल येऊ शकते. ज्यांना आयएसडीची गरज नाही अशा सर्व एक्स्टेन्शनना ते कुलूपबंद करावे.

दरवर्षी मे महिन्यात, पावसाला सुरुवात होण्यापूर्वी, अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, चेंबर उघडून गाळ काढावा, सर्ज प्रोटेक्टर तपासावेत आणि यूपीएसची बॅटरी प्रत्यक्ष भार देऊन पाहावी. वीज पडल्याचा आवाज जवळून आला असेल तर फोन चालू दिसत असले तरी दुसऱ्या दिवशी संरक्षक उघडून पाहावेत. मोठा तडाखा सहन केलेला संरक्षक बाहेरून धड दिसतो, पण पुढच्या तडाख्याला उपयोगी पडतोच असे नाही, म्हणून त्याचे एक-दोन नग कायम कपाटात ठेवावेत.